मारोतीला पाणबुडा कोणी ठरवले?

प्रथम तारखा आणि पदे.

मे १९९८. धरणाच्या विमोचकाशी, म्हणजे कालव्यात पाणी सोडण्याच्या दरवाजाशी, प्रशिक्षण नसलेल्या कर्मचाऱ्यास पाण्याखाली उतरवू नये, असे पत्र मी उपविभागीय कार्यालयास दिले. जबाबदार : मी.

मे १९९९. प्रशिक्षण. जबाबदार : कोकणातून आलेले मास्तर. त्यांच्याविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही.

जून १९९९. प्रमाणपत्रांचे वाटप. जबाबदार : तत्कालीन उपविभागीय अभियंता, तसेच ज्यांची त्यावर सही आहे ते तत्कालीन कार्यकारी अभियंता.

जानेवारी २००१. दुर्घटना. जबाबदार : उतरण्याचा आदेश देणारे शाखा अभियंता.

त्याच वर्षीचा पावसाळा. चौकशी. जबाबदार : चौकशी अधिकारी. त्यांनी घटनास्थळाची पाहणी जीपमध्ये बसून केली.

२००६. माहितीच्या अधिकाराखाली मी केलेल्या अर्जास ‘सदर अभिलेख आढळून येत नाही’ असे उत्तर. जबाबदार : जन माहिती अधिकारी.

यादीतील व्यक्तींची नावे मी गाळली आहेत, आणि ती भीतीपोटी गाळलेली नाहीत. माणसे बदलून जातात, निवृत्त होतात, मरतात. पद खुर्चीवर बसलेलेच असते, आणि उत्तर द्यायचे ते पदाने.

या अंकाच्या संपादकांनी मला कळवले होते की, हिंगोली जिल्ह्यासारख्या समुद्रापासून इतक्या दूरच्या मुलखात सरकारी पाणबुडा होणे ही मौजेची गोष्ट आहे, तरी वाचकांसाठी चार गमतीदार आठवणी लिहाव्यात. गमती होत्या. त्याही मी लिहितो. परंतु वरील यादी आधी वाचली जावी, असा माझा आग्रह होता आणि तो त्यांनी मान्य केला, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

मी पाटबंधारे खात्यात फिटर होतो. धरणाचे दरवाजे, त्यांचे गज, दातेरी चाके, वंगण आणि गंज हे माझे कार्यक्षेत्र. विमोचकाच्या तोंडाशी पाण्याखाली एक लोखंडी जाळी असते. वाहून आलेल्या फांद्या, बेशरमीची झुडपे, मेलेली जनावरे कालव्याच्या दरवाजात अडकू नयेत, यासाठी ती बसवलेली. ती तुंबली की कालव्याला पाणी कमी जाते, आणि शेवटच्या टोकाच्या गावांतून मोर्चा येतो. मग कोणीतरी खाली जाऊन ती मोकळी करावी लागते. हे ‘कोणीतरी’ म्हणजे आमच्या धरणावर वर्षानुवर्षे खात्याचा खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचा कामगार, मारोती.

मारोती जातीने भोई, नदीकाठच्या गावचा. सेनगावपासून वसमतपर्यंत कोणाच्याही विहिरीत काही पडले की मारोतीला बोलावणे जाई. बादली, घागर, पंपाच्या पाइपाच्या टोकाची झडप (तिला आमच्याकडे सगळे फुटबॉल म्हणतात), आणि कधी कधी माणूस. कमरेला दोर बांधायचा, छातीत दम भरायचा, दोन्ही हातांत एक दगड धरायचा आणि सरळ तळ गाठायचा. काम झाले की दगड सोडून तो बाणासारखा वर येई. पुसेगावच्या एका विहिरीतून त्याने एका सासुरवाशिणीचे प्रेत काढले होते. वर आल्यावर तो चहाही न घेता चालत घरी गेला. मात्र भीती म्हणून त्याला काही ठाऊक नव्हते. ती सगळी माझ्या वाट्याला आली होती.

मला पाण्याची भीती वाटे, आणि तिला कारण होते. आमच्या भागात मुले पोहायला शिकतात ती विहिरीत, पाठीला डबा किंवा पांगाऱ्याचे वाळके लाकूड बांधून. आमच्या वस्तीच्या मुलांना त्या विहिरींवर जाता येत नसे. दुपारच्या वेळी गावची मुले पाण्यात उड्या टाकीत, त्याचा आवाज आम्ही बांधाच्या अलीकडून ऐकत असू. जे पाणी फक्त ऐकले, त्याची खोली मन वाटेल तेवढी वाढवते. नोकरी लागल्यावर, मिशा आलेल्या वयात, मी कालव्याच्या कडेला धरून हातपाय मारायला शिकलो. त्याला पोहणे म्हणणे हे औदार्य होईल.

अशा माणसाने ते पत्र का दिले? कारण १९९८च्या उन्हाळ्यात मारोती जाळीशी गेला तेव्हा दरवाजा पूर्ण बंद नव्हता, आणि पाण्याच्या ओढीने त्याचा हात जाळीत अडकला. दोर ओढून आम्ही त्याला वर काढले. हाताची कातडी कोपरापर्यंत सोलली होती. मी पत्र लिहिले, सेवाशर्तींचा हवाला दिला, प्रती तीन कार्यालयांना पाठवल्या. उत्तर आले, ‘आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली असून प्रस्तावित प्रशिक्षणासाठी आपले व खलाशी मारोती यांचे नाव पाठविण्यात येत आहे.’

मारोतीला मी ते वाचून दाखवले. तो म्हणाला, “अजून लिहा, मिस्तरी. पुढच्या पत्रात चंद्रावर पाठवतील.”

मास्तर नौदलातून निवृत्त झालेले, कोकणातले, बुटके आणि कमी बोलणारे. आमच्या भागात पोहण्याचा तलाव नाही, हे त्यांना इथे आल्यावर कळले. धरणाच्या गढूळ पाण्यात नवशिक्याला उतरवणार नाही, असे त्यांनी साफ सांगितले. उथळ, स्वच्छ, चारी बाजूंनी बंद असे पाणी हवे. तेव्हा कुरुंद्याच्या पुढच्या एका गावातले हळदीचे बागायतदार नारायणराव यांनी आपली विहीर देऊ केली. काळ्या दगडाची, पायऱ्यांची, तळाचा खडा दिसावा अशी नितळ. पाणी चार पुरुष. एक पुरुष म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. विहिरीचे माप आमच्याकडे असेच सांगतात, आणि ते ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे एकाच्या खांद्यावर एक अशी चार माणसे बुडालेली उभी राहत.

विहिरीच्या कोनाड्यात शेंदूर लावलेल्या साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवता, होत्या. नारायणरावांच्या आई काठी टेकत आल्या आणि पहिल्या पायरीवर बसल्या.

“पाण्यात बोलायचं न्हाई. थुकायचं न्हाई. त्यायला तकलीफ झाली की त्या माणूस ठेवून घेत्यात.”

“आजे, तोंडात नळी राहणार हाय,” मारोती म्हणाला. “बोलावं म्हणलं तरी बोलता येईना.”

मग त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले, “तुमी कोणाचे?”

मी माझे आडनाव सांगितले. खिल्लारे. ते ऐकल्यावर जो एक क्षण जातो, तो मला आयुष्यभर ओळखीचा आहे. विहिरी आणि तलाव यांच्या वापराबद्दल राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात काय म्हटले आहे, हे मला पाठ होते. ही विहीर खासगी असल्याने तो खंड तिला लागू होत नाही, हेही मला ठाऊक होते. मी वाट पाहिली.

“उतरा,” त्या म्हणाल्या. “किती भिऊन राहिले तुमी. भित्या माणसाला आसरा काही करत न्हाईत.”

आता बाहेरच्या वाचकासाठी हे काम थोडक्यात सांगतो. पाठीवर दाबून भरलेल्या हवेचा सिलिंडर, त्यातून निघालेली नळी तोंडात दातांनी धरायची. नाकाडोळ्यांवर काच. कमरेला शिशाची वजने, नाहीतर माणूस बुडत नाही. खाली जाताना कानात कोणी खिळा ठोकावा तसे दुखते. तेव्हा नाक चिमटीत धरून आतून फुंकायचे, की कान मोकळे होतात. एकट्याने कधीही उतरायचे नाही. दोघांची जोडी असते, आणि एकाची हवा संपली तर दुसऱ्याने आपली नळी द्यायची. मास्तरांनी देऊ केलेले प्रमाणपत्र नवशिक्याचे होते. त्याच्या अटींत स्वच्छ पाणी, दिवसाचा उजेड, मर्यादित खोली आणि जोडीदार या गोष्टी स्पष्ट होत्या.

या सर्वांच्या वर एक नियम. दम कोंडायचा नाही. श्वास घेत राहायचे, सोडत राहायचे, कधीही थांबवायचा नाही. का, ते मास्तरांनी बोलून सांगितले नाही. त्यांनी विहिरीच्या तळाशी जाऊन लग्नात लावतात तसला एक फुगा त्या नळीतून भरला, गाठ मारली आणि सोडला. आम्ही पायरीवरून पाहत होतो. फुगा वर येता येता मोठा होत गेला आणि पाण्याबाहेर येण्याआधीच फुटला. रबराची चिंधी तेवढी तरंगत वर आली.

मास्तर वर आले, काच काढली. “तळाला हवा दाबलेली असते. वर येताना ती पसरते. तुमची छाती तो फुगा आहे. तोंड उघडं असेल तर जास्तीची हवा निघून जाते. तोंड बंद असेल तर...” त्यांनी ती चिंधी आमच्यापुढे धरली.

आजी म्हणाल्या, “ह्ये तर आसरांपेक्षा वंगाळ हाय.”

पहिल्यांदा खाली गेलो तो अनुभव मला लिहिता येईल असे वाटत नाही. डोके पाण्याखाली गेल्यावर शरीर एकच गोष्ट सांगते : तोंड मीट. ते न ऐकता पाण्यात तोंडाने श्वास ओढायचा, हे शरीराविरुद्ध बंड आहे. माझा श्वास भात्यासारखा चालला होता. काळे दगड चहूबाजूंनी वर गेलेले, आकाशाचा एक चौकोन आणि त्याच्या काठावर आजींच्या काठीचे टोक. इथे मेलो तर मारोतीच मला काढील, असा एक विचार आला आणि त्याने विचित्र आधार दिला. मग लक्षात आले की मारोती माझ्या शेजारी आहे, आणि मला काढायला वर कोणी उरलेले नाही.

तरीही मी शिकलो. कारण साधे होते. मला पाण्यातले काहीच येत नसल्याने माझ्या अंगात कोणती जुनी सवय नव्हती. मी इतका भीत होतो की श्वास थांबवणे मला जमलेच नसते. मास्तर म्हणत, “खिल्लारे, तुम्ही हवा फार खाता. पण खाता, हे चांगलं.”

मारोतीचे उलट झाले. तो खाली मासोळीसारखा फिरे, तळावर मांडी घालून बसे, मला बोटाने खुणावून चिडवी. पण मास्तरांचे लक्ष माणसाकडे नसे, बुडबुड्यांकडे असे. पायरीवर बसून ते पाण्याच्या पृष्ठभागाकडे पाहत राहत. माझे बुडबुडे उकळत्या हळदीच्या कढईसारखे अखंड येत. मारोतीचे येत, आणि मग थांबत. त्याला कोणतीही अडचण आली, काचेत पाणी शिरले, वजन सरकले, की तो छाती भरून घेई आणि ओठ मिटी. लहानपणापासून पाण्यात जीव वाचवण्याची एकच रीत त्याला ठाऊक होती, आणि तीच इथे जीव घेणारी होती.

शेवटची परीक्षा अशी होती. तळाशी काच काढायची, पुन्हा लावायची, मग ‘आ’ असा आवाज सतत काढत, हवा सोडत, सावकाश वर यायचे. मी ती कशीबशी पार केली. मारोतीने काच काढली, बुडबुडे थांबले, आणि मास्तरांनी स्वतः खाली झेप घेऊन त्याच्या पोटात बुक्की मारली, तेव्हा त्याच्या तोंडातून हवा सुटली. पुन्हा घेतली. पुन्हा तेच. आणखी एकदा घेतली.

“काहून मारता, मास्तर?” मारोती वर आल्यावर म्हणाला. “मला गुदमरत न्हाई. मी लई येळ राहतो.”

“तेच तर,” मास्तर म्हणाले.

त्या दिवशी संध्याकाळी उपविभागीय अभियंता जीपने विहिरीवर आले. पुढील संभाषण माझ्यासमोर झाले, आणि मी त्याचा साक्षीदार आहे.

मास्तर म्हणाले, “खिल्लारे पास. मारोती नाही. त्याला आणखी महिनाभर सराव हवा. दिवाळीनंतर मी पुन्हा येतो.”

साहेब म्हणाले, “मास्तर, नवा जिल्हा झाला आहे. मोठे साहेब येत आहेत. जिल्ह्यातील पहिले दोन पाणबुडे म्हणून दोघांचा सत्कार ठरला आहे.”

“एकाचा करा.”

“एकट्याने उतरायचं नाही, हा तुमचाच नियम ना? मग एकाला प्रमाणपत्र देऊन आम्ही त्याचं काय करू? जोडी पाहिजे.” मग माझ्याकडे वळून ते हसले. “काय खिल्लारे, नियमाचे माणूस तुम्ही. बरोबर बोलतो की नाही?”

मी म्हणालो, “नियम दोन पास झालेल्या माणसांचा आहे, साहेब.”

“मारोतीइतका पोहणारा जिल्ह्यात आहे का?”

“नाही.”

“झालं तर.”

मास्तरांनी मारोतीच्या कागदावर सही केली नाही. दुसऱ्या दिवशी ते गाडीने गेले. समारंभात वाटलेली प्रमाणपत्रे खात्याच्या कागदावर टंकलेली होती, आणि त्यांवर मास्तरांच्या सहीची जागाच ठेवलेली नव्हती. मारोतीला झेंडूचा हार घातला, नारळ दिला, फेटा बांधला. त्याची बायको गिरजाबाई पुढच्या रांगेत बसली होती. तो नापास झाला आहे, असे त्याला त्या दिवशी कोणी सांगितले नाही. माझी हरकत मी दुसऱ्याच दिवशी लेखी दिली. तिची पोच माझ्याकडे आहे. तिला उत्तर नाही.

त्यानंतर दीड वर्ष खात्याला आमची गरज पडली नाही. सराव नाही, मास्तरांना बोलावणे नाही. सिलिंडर भांडारात उभे होते. एका सिलिंडरवर चौकीदार टोपी अडकवीत असे.

जानेवारीत रब्बीच्या पिकांना कालव्याचे पाणी सोडण्याची पाळी सुरू असताना जाळी तुंबली. टोकाच्या गावांचे लोक कार्यालयात येऊन बसले. शाखा अभियंत्यांनी उतरायला सांगितले. मी लेखी आदेश मागितला, तो मिळाला. दरवाजा पूर्ण बंद करून चाकाला साखळी घालावी अशी मागणी केली, ती मान्य झाली. नवशिक्याच्या प्रमाणपत्राच्या अटींत हे पाणी बसत नाही, हे मी तोंडी आणि लेखी कळवले. त्यावर शाखा अभियंता म्हणाले, “अहो खिल्लारे, अटी समुद्राच्या आहेत. हे आपलं घरचं पाणी.” माझी हरकत मारोतीने ऐकली आणि तो म्हणाला, “मग ऱ्हावा तुमी वर. मी जातो एकटा.” तो गेलाही असता. म्हणून मी उतरलो.

त्या पाण्याचे वर्णन एवढेच की तिथे डोळ्यांचा उपयोग नव्हता. दोन हातांवर चहाचा रंग, त्यापलीकडे काळोख. थंडी दातांत शिरत होती. आम्ही एकमेकांना आखूड दोराने बांधून घेतले होते. जाळी दिसली नाही, ती हाताला लागली. चिकट, गार आणि जिवंत असल्यासारखी हलणारी. दरवाजा बंद असूनही फटीतून पाणी ओढत होते, आणि ती ओढ माझ्या छातीला कळत होती. मी श्वास मोजायचा प्रयत्न केला, आकडे विसरलो. त्या काळोखात मला बुडण्याची भीती नव्हती. ज्याला मी पाहू शकत नाही, त्या माझ्या जोडीदाराचे बुडबुडे थांबतील, याची भीती होती. मी कान त्याच्याकडे लावून फांद्या उपसत होतो. पाण्यात बुडबुड्यांचा आवाज येतो. मारोतीचा येत होता.

मग एक मोठी फांदी सुटली. ती माझ्या खांद्याला घासून वर गेली आणि त्याच्या तोंडावर आदळली असावी. कारण त्याचा आवाज थांबला.

मी हात पुढे केला. त्याचा चेहरा हाताला लागला. काच नव्हती. तोंडात नळी होती, पण ओठ तिच्यावर आवळलेले होते, आणि छाती डेऱ्यासारखी फुगलेली. मी मास्तरांसारखी त्याच्या पोटात बुक्की मारली. पाण्यात बुक्कीला जोर नसतो. त्याने मला ढकलले, पायाने जाळीला रेटा दिला, आणि कमरेचा दोर मला वर खेचू लागला. त्याचा घोटा माझ्या हातात आला आणि निसटला. मी ‘आ’ ओरडत, हवा सोडत, त्या दोराबरोबर वर गेलो. तो ‘आ’ माझ्यासाठी होता की त्याच्यासाठी, हे मला आजही सांगता येत नाही.

वर मारोती पाण्यात उभा होता. काठावरच्यांना हात करून तो हसला.

“काच गेली, मिस्तरी. दुसरी आणा,” तो म्हणाला.

मला वाटले, वाचला. आमच्यासाठी उभ्या ठेवलेल्या नावेत आम्ही त्याला घेतले. तो बसला, डोक्याचे पाणी निपटू लागला, आणि त्याचा उजवा हात मांडीवर पडला. त्याने त्या हाताकडे असे पाहिले की जणू तो दुसऱ्या कोणाचा होता. मग त्याच्या ओठांवर गुलाबी फेस आला.

जीपमधून तालुक्याच्या दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांना मी फुग्याची गोष्ट सांगितली. ते प्रामाणिक गृहस्थ होते. म्हणाले, “असा रोगी मी पाहिलेला नाही. पण तुम्ही सांगता तसंच झालं असणार. फुप्फुस फाटून हवा रक्तात गेली आणि मेंदूत अडकली.” त्यांनी तसे चिठ्ठीवर लिहून मोठ्या रुग्णालयात पाठवले. मारोती जगला. उजवे अंग गेले. बोलणे वर्षभराने परत आले, तुटक आणि जड.

चौकशी झाली. निष्कर्ष मी शब्दशः देत नाही, आशय देतो. सदर कर्मचारी प्रशिक्षित व प्रमाणित होता. प्रशिक्षणातील पहिल्याच नियमाचे त्याने पालन केले नाही. सबब दुर्घटना त्याच्या निष्काळजीपणामुळे झाली असून ती कर्तव्यावरील अपघात मानता येत नाही. ज्या कागदाला मी हरकत घेतली होती, तोच कागद त्याच्याविरुद्ध पुरावा झाला. मास्तरांनी माझ्या विनंतीवरून खात्यास कळवले की हा मनुष्य परीक्षेत उत्तीर्ण नव्हता. त्यांना उत्तर गेले की त्यांची सही कोणत्याही प्रमाणपत्रावर दिसून येत नाही, सबब त्यांच्या म्हणण्याची दखल घेता येत नाही. दोन वर्षांनी मास्तर वारले.

मी पुढे सहा वर्षे नोकरी केली. पाण्याखाली पुन्हा गेलो नाही, आणि खात्याने पुन्हा सांगितलेही नाही. आज निवृत्त आहे. अंघोळीला तांब्या डोक्यावर ओतताना मी तोंड उघडे ठेवतो. घरच्यांना ते चमत्कारिक वाटते.

मारोतीकडे मी दर पंधरवड्याला जातो. तो ओट्यावर बसलेला असतो. गावात त्याच्याबद्दल दोन मते आहेत. पिऊन उतरला होता, हे एक. तो थेंबही घेत नसे. दुसरे मत असे की भोयाचे पोर असून पाणी विसरला. दुसरे त्याला अधिक लागते.

मागच्या खेपेस गिरजाबाईंनी चहा ठेवला आणि मारोतीने तेच विचारले, जे तो मला सात वर्षे विचारतो आहे.

“मिस्तरी, माझंच चुकलं का?”

“तुझं चुकलं नाही, मारोती. तू पास झालाच नव्हतास. तुला उतरवायलाच नको होतं. मास्तरांनी सांगितलं होतं, मी तिथे होतो.”

“मग हार कशाला घातला सायबानं?” तो म्हणाला. “नापास माणसाला हार घालत्यात का? तुमी माझी समजूत घालून राहिले.”

गिरजाबाई म्हणाल्या, “भाऊ, तुमी लई चांगले हाव. पण ह्यायचा इस्वास तुमच्यावर न्हाई बसत. फिटर म्हणला एक आन् साहेब म्हणला एक, तर माणूस कोणाचं धरंल?”

त्यांचे म्हणणे बरोबर आहे. माझ्या सांगण्याने मारोतीचे समाधान होत नाही, आणि होऊ नये. ज्यांनी त्याला सर्वांसमोर पाणबुडा ठरवले, तेच त्याला सांगू शकतात की तो ठरवण्याजोगा नव्हता, हे त्यांना माहीत होते.

म्हणून माझी मागणी पुढीलप्रमाणे आहे. तत्कालीन उपविभागीय अभियंता आज वरच्या पदावर आहेत आणि हा अंक त्यांच्या कार्यालयात जातो, याची मी खात्री करून घेतली आहे. त्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे : मास्तरांनी नाकारलेल्या मनुष्यास प्रमाणपत्र कोणाच्या सांगण्यावरून दिले? भरपाई, पेन्शन, चौकशीचा फेरविचार यांसाठी माझे स्वतंत्र अर्ज चालू आहेत, त्यांची येथे सरमिसळ करू नये.

उत्तर लेखी नको. लेखी उत्तरे माझ्याकडे पुष्कळ आहेत, आणि मारोतीला वाचता येत नाही. साहेबांनी त्याच्या गावी यावे, पारावर लोक जमतील अशा वेळी यावे, आणि त्याच्यासमोर उभे राहून, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, तोंडाने सांगावे. त्याचा डावा कान अजून चांगला आहे.